रुमालाखालचं डोकं

"कानात हे नवं मशीन बसवलं तरी ऐकायचं मेंदूनेच असतं," डॉक्टर म्हणाले. "यांचं डोकं शाबूत आहे ना?"

"तेच तर गेलंय," माझा लेक मानसिंग म्हणाला. "आबांचं ऑपरेशन वाया जाईल."

ठार बहिरे झालेले आमचे हे नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दिवसभर करतात काय?"

"वाशीच्या कांदा मार्केटात आमच्या गाळ्यावर असतात. रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून भाव ठरवतात. सगळे सौदे तेच करतात, म्हणून तर ऑपरेशननंतर त्यांना महिनाभर घरी बसवणं परवडत नाही."

लेकाला स्वतःचं बोलणं ऐकू आलं नसावं. मी ह्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि त्याच्या मांडीवर फेकला.

"उद्यापासून तू बस गाळ्यावर. त्या कामाला डोकं लागत नाही म्हणे."