कामाची चव

चमच्याच्या टोकावरची क्रीम दादाने जिभेला लावली आणि लगेच सिंकमध्ये थुंकली.

"साखर किती घातलीस?"

"नेहमीचीच," बारक्या म्हणाला.

"ही नेहमीची? नुसता पाक झालाय."

बेकरीच्या मागच्या खोलीत लग्नाचा तीन मजली केक टेबलावर उघडा उभा होता. त्याचे थर अजून क्रीमने जोडायचे होते, वरून क्रीमचा हात फिरायचा होता आणि दुपारी तो न्यायला हॉलवरून गाडी येणार होती. वजन उतरवायचं ऑपरेशन झाल्यापासून दादा आज पहिल्यांदा कामावर आला होता. डॉक्टरांनी त्याचं पोट कापून एवढंसं केलं होतं. त्यात वाटीभर सूपसुद्धा एका दमात मावत नव्हतं, आणि पाणीही बाटलीतून घोट घोट प्यावं लागत होतं. शर्ट तर असा लोंबत होता की आत कुणी आहे की नाही अशी शंका यावी. धाकट्या भावाला लहानपणापासून बारक्या म्हणत, पण आता या दोघांत बारक्या कोण, हे नव्या माणसाला सांगावंच लागलं असतं.

जीभ मात्र शाबूत आहे, असं दादा येता येताच म्हणाला होता. ही बेकरी त्या जिभेवरच तर चालली होती. आणि ती जीभ आता सांगत होती, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

"लोकांना गोडच आवडतं, असं तूच म्हणायचास ना?" दादाने विचारलं. "मी महिनाभर खाटेवर काय पडलो, तुला रानच मोकळं मिळालं."

"दादा, मी काही बदललेलं नाही."

"मग ही जीभ खोटं बोलतेय?"

बारक्या जरा घुटमळला. "डाएटवाल्या बाई म्हणाल्या होत्या ना, काही दिवस चव बदललेली वाटेल म्हणून. मी होतो तिथे."

"ती जेवणाची चव," दादा फटकन म्हणाला. "ही कामाची."

बारक्या गप्प बसला. आता गप्प बसणारा माणूस शांत असतो की लबाड, हे बघणाऱ्याच्या मनावर असतं. दादाचं मन आज कशावरही विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"बाहेर गल्ल्यावर बस जा," तो म्हणाला. "क्रीम मी करतो."

"पोतं उचलू नकोस. टाके—"

"जा म्हटलं ना!"

बारक्या गेला. दादाने दाराला कडी लावली. लोणी स्वतः मोजलं. पिठीसाखरेच्या उघड्या पोत्याला हात न लावता नवं पोतं कात्रीने कापलं, आणि न उचलता, वाकून वाटीवाटीने साखर काढली. त्याआधी काट्यावर किलोचं वजन ठेवून काटा तपासून घेतला. काटा खरा होता. मधेच घेरी आल्यासारखं झालं, तेव्हा भिंतीला टेकून दोन घोट पाणी प्यायला. मग यंत्र लावलं आणि क्रीम पांढरीशुभ्र होईपर्यंत समोरून हलला नाही. खोलीत माशीसुद्धा नव्हती.

त्याने चमचा बुडवला, टोक जिभेवर टेकवलं.

पाक. नुसता पाक.

दादा स्टुलावर बसला. संशय घ्यायला खोलीत आता कुणी उरलं नव्हतं. त्याला भीती वाटली. ऑपरेशनच्या टेबलावर झोपतानाही वाटली नव्हती एवढी. पोट लहान करून घ्यायला तो आपल्या पायांनी गेला होता; ही दुसरी गोष्ट कापायला त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

तरी खोड जात नाही. त्याने दोन वाट्या घेतल्या, एकीत बारक्याची क्रीम, दुसरीत स्वतःची. कडी काढून हाक मारली.

"चाख. यातली कुठली कुणाची ते विचारू नकोस."

बारक्याने एक चाखली, पाणी प्यायला, दुसरी चाखली. मग पहिली पुन्हा चाखली.

"दोन्ही एकच आहेत."

"गोड?"

"आपल्या नेहमीसारख्या. बरोबर आहेत."

"तू खरं बोलतोयस कशावरून? माझी समजूत काढत असशील."

बारक्याचा चेहरा लाल झाला. सकाळपासून गिळलेलं सगळं आता वर आलं.

"इतकी वर्षं तू म्हणशील ती पूर्व. बरोबर म्हणालास की माल बाहेर, नाही म्हणालास की कचऱ्यात. खरं कशावरून, असं मी कधी विचारलं तुला? एकदा तरी?"

दुकानात कुणीतरी पाव मागत होतं. दोघांपैकी कुणीच हललं नाही.

"मधल्या थरातली लिंबाची क्रीम राहिलीय," दादा शेवटी म्हणाला. "तू कर."

बारक्याने पातेलं ओढलं. लिंबं पिळली, साल किसली, साखर मोजली. काट्याकडे बघायचं दादाने मुद्दाम टाळलं; तो फडक्याने आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसत राहिला. क्रीम झाल्यावर बारक्याने सवयीने चमचा भरून दादाच्या तोंडापुढे धरला.

दादाने त्याचं मनगट धरलं आणि चमचा हळूच त्याच्याच तोंडाकडे वळवला.

बारक्याने चाखलं. डोळे मिटले. दादा त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता.

"बोल ना," तो म्हणाला. "कसं झालंय?"