साहेबांची मासेमारी

साल १९७४. भीमेकाठच्या एका सरकारी कचेरीत धर्मपाल शिपाई होता आणि त्याची बायको नागूबाई दोन लेकरं सांभाळत सोलापुरात विड्या वळत होती. सोलापूरला बदली मागणारा त्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर तीन वर्षं पडून होता.

एका संध्याकाळी साहेबांना मासे धरायची हौस आली. धर्मपालने कचेरीची लहान मोटारबोट काढली. नदीच्या मधोमध मोटार दोनदा खोकली आणि बंद पडली. बोट धारेला लागली.

साहेबांनी गळाची काठी टाकून बोटीची कड दोन्ही हातांनी धरली. "धर्मपाल, तुला पोहता येतं ना रे?"

"येतं की साहेब. पर एकट्यापुरतंच."

"अरे बाबा, मला काठाला लाव! उद्या पहिली सही तुझ्या अर्जावर करतो."

"व्हय?" म्हणत धर्मपालने दोरी ओढली. मोटार पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

साहेबांनी शब्द पाळला. सकाळी सही झाली आणि धर्मपाल हसत सामान बांधायला गेला.



दुपारपर्यंत कचेरीतले आणखी चौघे साहेबांच्या दारात डोकावून गेले, "साहेब, आज संध्याकाळी मासे धरायला जायचं का?"