विहिरीचं पहिलं वर्ष

मीटर पाहून गॅस कंपनीचा ब्रेट क्षणभर घुटमळला. होलिसच्या कुरणातल्या विहिरीतून येणारा गॅस आणखी कमी झाला होता. पहिल्या वर्षीच्या मानाने आता पाव हिस्सासुद्धा येत नव्हता. म्हातारा होलिस कुंपणाला टेकून वाटच पाहत होता.

"बोल. पुन्हा चढेल का?"

"नाही काका. शेलच्या, म्हणजे पातळ थरांच्या घट्ट खडकातला गॅस असाच असतो. पहिल्या वर्षी धो धो येतो, मग ओसरतच जातो. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधासारखं."

"गाय पुन्हा विते तरी."

ब्रेटला हसू आलं, आणि मग रागही आला. गॅसचे पैसे हातात येऊ लागले त्याच महिन्यात या माणसाने दारातल्या सगळ्या गाई विकून टाकल्या होत्या. आजूबाजूचे शेतकरी अजून त्यावरून त्याची टिंगल करत. आता गोठा ओस पडला होता आणि फाटकावर शेत विकण्याची पाटी लागली होती.

"जन्मभर दूध काढलंत तुम्ही. विहीरही आटणार, एवढं साधं कळलं नाही?"

"कळलं होतं की. करारावर सही करतानाच कळलं होतं." होलिस रिकाम्या गोठ्याकडे पाहत म्हणाला, "पण माझी बायको आर्लीन लग्न झाल्यापासून पहाटे चारला दूध काढायला उठायची. गाई दारात असत्या, तर आजारातही उठली असती. डॉक्टरांनी तिला एकच वर्ष दिलं होतं, पोरा. ते वर्षभर ती रोज उजाडेपर्यंत झोपली."