सातवी हरकत

पाणथळ बुजवून घरं बांधू नका, म्हणून नोएलीन सलग सात वर्षं कौन्सिलकडे हरकत नोंदवत होती. सुनावणीत बोलायला तीन मिनिटं मिळायची. पुकेको पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत पोचते न पोचते तोच घंटा वाजायची.

"बाई, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय," अध्यक्ष गोड हसून म्हणायचे.

"नोंदवून काय लोणचं घालायचंय?" ती फणकारायची.

यंदा डंपर आले आणि अख्खी पाणथळ मुरमाखाली गेली. पाठोपाठ कौन्सिलचं पत्र आलं.

"फोड की गं," नवरा म्हणाला. "लाजले असतील लेकाचे."

तिने फोडलं.



'आपल्या चिकाटीच्या गौरवार्थ तेथील नव्या रस्त्यास आपले नाव देण्यात येत आहे. हरकत असल्यास वीस दिवसांत लेखी कळवावी.'