उतारावरचा दगड

"तो दगड आता टाकून दे. चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवलेत!" गाडी आमच्या उतरत्या गल्लीत वळवताना हे म्हणाले.

आमची गाडी लग्नाआधीची. उतारावर तिच्या जुन्या ब्रेकांचा काही भरवसा नसे, म्हणून गाडी थांबली की खाली उतरून चाकापुढे दगड लावायचं काम एकतीस वर्षं माझं. त्यासाठीचा काळा, चपटा दगड कायम माझ्या पायाशी असतो.

गॅरेजच्या मेस्त्रींनी सकाळी बजावलं होतं, "जुन्या ड्रम ब्रेकबरोबर हँडब्रेकही निघालाय. त्याची नवी केबल उद्या येईल. तोवर गाडी इथंच राहू दे."

"मग पूजा काय दसरा उलटल्यावर करायची?" असं त्यांनाच सुनावून ह्यांनी गाडी आणली होती.

दारासमोर ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. उताराच्या खालच्या टोकाला शेजाऱ्यांच्या स्कूटर हार घालून ओळीनं उभ्या होत्या. सवयीनं मी दगड घेऊन उतरले.

"अजून तो धोंडा हातात?" म्हणत हेही रुबाबात उतरले. ब्रेकवरचा पाय निघाला आणि गाडी त्या स्कूटरच्या ओळीकडे निघाली. मी धावले आणि दगड चाकापुढे सरकवला. गाडी एक हिसका देऊन थांबली.

मी घरातून पूजेचं ताट आणून पुढे केलं.

ह्यांनी कुंकवात बोट बुडवलं, गाडीपुढे आले आणि आधी दगडापाशी वाकले.