सोमवारची शर्यत

सारंगने टेप मशीनमध्ये सरकवली आणि मनातल्या मनात गणपतीला हाक मारली. टेप गेल्या वर्षीची होती.

मागे सोफ्यावर त्याचे दोघे मित्र, सुबोध आणि प्रबोध, या वर्षीची शर्यत सुरू व्हायची वाट बघत वाद घालत बसले होते.

अमेरिकेतली ती ओव्हलवरची, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरची, मोठी मोटारशर्यत दर वर्षी सिंगापुरात ऐन मध्यरात्री दिसायची. सकाळी कामावर जायचं असल्यामुळे सारंग ती टेप करून ठेवायचा आणि सोमवारी संध्याकाळी तिघं त्याच्या पासिर रिसच्या फ्लॅटवर बसून बघायचे. तोवर पेपर उघडायचा नाही, इंटरनेटवर डोकवायचं नाही, असा दंडक होता. तिघंही तो सोवळ्यासारखा पाळत.

यंदा सकाळी टेप तपासली, तर तिच्यावर स्नूकर. सारंगने चॅनेलला फोन लावला. ती शर्यत आम्ही बंद केली, इकडे कोणी बघत नाही, असं पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं.

त्याची बायको नीलिमा म्हणाली, सरळ सांगून टाक, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. सारंगला धीर होईना. सुबोध राहायचा वुडलँड्सला, प्रबोध जुरोंग ईस्टला. बेट ते केवढंसं, पण नोकरी आणि मुलांच्या ट्यूशन्समधून कोणाला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. मंडळाच्या गणपतीत दिसले की "भेटू रे" म्हणायचे आणि भेटायचे मात्र नाहीत. हा एकच सोमवार असा होता की दोघं न बोलावता यायचे. शर्यत गेली की तोही जाणार. आधीचे मित्र असेच एकेक करून गळाले होते, आणि हे दोघं गमवायची सारंगची तयारी नव्हती. त्यातून सुबोधचा तर त्या शर्यतीवर जीव. त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

प्रबोधने येताना हॉकर सेंटरमधून साते आणलं होतं. काडीवरचं मांस दातांनी ओढत तो म्हणत होता की नुसतं गोल गोल फिरण्यात कसली आलीय मर्दुमकी, घाण्याचा बैलही तेच करतो. पुढच्या वर्षी इथल्याच रस्त्यांवर, दिव्यांच्या उजेडात फॉर्म्युला वन धावणार आहे. मग तुमच्या ओव्हलला कुत्रंही विचारणार नाही.

सुबोध उसळला. दोष खेळाचा नाही, शर्यती भरवणाऱ्यांचा, असं त्याचं म्हणणं. आपसांत भांडून एका संघटनेची दोन घरं केली. नाव एकाकडे राहिलं, चांगले ड्रायव्हर दुसऱ्याकडे गेले, आणि भाऊबंदकीत दुकान बसलं. त्यात ओव्हलने काय पाप केलं? साडेतीनशेच्या वेगाने भिंतीला खेटून जाणं म्हणजे काय, ते बैलाला कळायचं नाही, हेही त्याने प्रबोधला ऐकवलं. सुबोध एका सर्व्हे कंपनीत होता. कुठला साबण किती घरांत जातो, असले आकडे दिवसभर काढायचा. पण शर्यतीचा विषय निघाला की त्याचा पार कीर्तनकार व्हायचा.

सारंगला एका जागी बसवेना. सुरुवातीचा समारंभ त्याने पुढे पळवला, कारण तिथे पडद्यावर वर्ष झळकायचं. जाहिराती पळवल्या. मध्येच उठून पंखा वाढवला, मग कमी केला.

"बस की रे," प्रबोध म्हणाला. "गाडी तू चालवतोयस का?"

सारंग हसला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला.

दर वर्षी तिघांनी आपापला विजेता आधी सांगायचा, अशी रीत होती. यंदा सुबोधने निळ्या गाडीचं नाव घेतलं. थोड्याच फेऱ्यांत ती निळी गाडी भिंतीवर आदळली आणि सुबोधने कपाळावर हात मारून घेतला. सारंगला हायसं वाटलं. ज्याला आठवतंय तो हिच्यावर कशाला पैज लावेल? पण पाठोपाठ वाईटही वाटलं. वर्षभर जिच्या नावाने गळे काढायचे ती शर्यत वर्षात विसरायला होते, म्हणजे ती चॅनेलवाली मुलगी खोटं बोलत नव्हती. पुढचा सगळा वेळ सुबोध बोलतच होता. खेळ मेलेला नाही, त्याला मारलंय, हे त्याने किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. प्रबोध साते संपवत राहिला.

शर्यत संपली. लांब जायचंय म्हणून प्रबोध लगेच निघाला. पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनचं तिकीट काढा, असं दारातून बजावून गेला. सारंगने नीलिमाकडे बघून सुस्कारा सोडला. घोडं एकदाचं गंगेत न्हालं होतं.

सुबोधला पोचवायला तो लिफ्टपर्यंत गेला. सुबोधने बटण दाबलं नाही.

"टेप मागच्या वर्षीची होती," तो म्हणाला.

सारंग कानकोंडा झाला. "चॅनेलने शर्यत बंद केली रे. तुला कसं सांगावं कळेना. वाटलं, तुला फार लागेल."

"पहिल्याच वळणाला ओळखली मी. म्हटलं, याला सगळं कळलंय, आणि मला उघडं पाडायला लावलीय."

"तुला? तुझा काय संबंध?"

सुबोधने आता बटण दाबलं आणि लिफ्टच्या दाराकडे बघत राहिला.

"चॅनेलवर काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते आमच्या आकड्यांवर ठरतं," तो म्हणाला. "या बेटावर निदान तीन माणसं ती शर्यत बघतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तिच्यापुढे शून्य लिहिलं ते मीच."