चालेल का?

घरच्यांच्या लेखी रिकामटेकडी असलेल्या तिने एकटीने एक गेम तयार केला आणि सुरुवातीलाच खेळणाऱ्याला विचारलं, ‘पैसे नसतील तर राहू द्या. तुम्ही खेळाल तेवढा वेळ तुमचा कॉम्प्युटर माझ्यासाठी थोडी क्रिप्टोकरन्सी, म्हणजे डिजिटल पैसा, कमावेल. चालेल का?’

गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने तो परत पाठवला. ती तरातरा त्यांच्या ऑफिसात जाऊन मॅनेजरसमोर उभी राहिली.

“यात मी काय लपवलंय? सरळ विचारलंय.”

“तिथेच तर गाडं अडलंय, मॅडम. तेवढा प्रश्न काढा, उद्या गेम विक्रीला लावतो.”

“म्हणजे न विचारता लोकांचे कॉम्प्युटर राबवून घेऊ? याला चोरी म्हणतात.”

“विचारलं की माणूस बिथरतो. नाही विचारलं, तर कॉम्प्युटर हळू चालला की म्हातारा झाला म्हणतो आणि गप्प बसतो.”

“लोक काय दुधखुळे आहेत?” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्या बाबतीत कुणी असं केलं असतं ना, तर त्याला कोर्टात खेचलं असतं.”

मॅनेजरने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं.

“आमचं ॲप तुमच्या लॅपटॉपवर वर्षभर हेच करतंय, मॅडम. कधी खेचताय?”